टोपी घातलेली दाढ आणि तोंडातला साकव

पेडणे तालुक्यातील एका गावी रविवारची मिस्सा आटोपून लोक अंगणात पांगत असता एक मध्यम वयाची माउली माझ्याजवळ येऊन उभी राहिली. पदर तोंडाशी धरलेला. फेस्ताचे खाजे चावताना तिची खालची दाढ अर्धी फुटली होती. म्हापशाच्या दंतवैद्याने दाढेची नस साफ करून वर कॅप बसवावी लागेल असे सांगितले होते, आणि शेजारणींनी सांगितले होते की, एवढ्या पैशांत दहा दाढा काढून होतील. घरधनी जहाजावर, मुलांच्या शिक्षणाचा भार डोक्यावर. ती म्हणाली, ‘‘फादर, एक दाढ गेली तर काय अडले? पेज खायला दाढ लागते का?’’

मी तिला ‘डॉक्टर सांगतील तसे करा’ असे सांगून वाटेला लावले. घरात येऊन बसल्यावर मात्र मन खाऊ लागले. मी उत्तर दिलेच नव्हते, केवळ वेळ मारून नेली होती. कॅप म्हणजे काय, ती कशासाठी घालतात, न घातल्यास काय होते, यातले मला स्वतःला धड काही ठाऊक नव्हते. इतकेच नव्हे, तर सेमिनरीत असताना मीही एक दाढ काढवून घेतली होती आणि त्या रिकाम्या जागेचा पुढे वीस वर्षे विचारही केला नव्हता. तेव्हा प्रथम आपलेच तोंड एका दंतवैद्याला दाखवले, मग त्यांना पुष्कळ प्रश्न विचारले, थोडे वाचलेही. त्यातून जे समजले ते आमच्या वाचक कुटुंबांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे लिहीत आहे.

दात म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा नव्हे. जेवढा दिसतो तेवढाच, किंबहुना त्याहून अधिक, तो हिरडीखाली असतो. त्याची मुळे जबड्याच्या हाडात उतरलेली असतात व बारीक तंतूंनी हाडाला बांधलेली असतात. वरचे पांढरे कवच हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. पण ह्या कठीण कवचाची एक दुर्बलता आहे. मोडलेले हाड सांधते, कापलेली कातडी भरून येते, परंतु दाताचे कवच एकदा गेले की पुन्हा उगवत नाही. कवचाच्या आत पिवळसर व थोडा मऊ असा थर असतो, आणि अगदी मध्यभागी रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांचा मऊ गाभा. यालाच आपण ‘नस’ म्हणतो.

कीड प्रथम कवच पोखरते. तेव्हा दुखत नाही, म्हणून आपण लक्ष देत नाही. आतल्या थरात पोचली म्हणजे थंड पाणी, गूळ, मिठाई यांनी कळ येऊ लागते. त्या वेळी गेल्यास साधे सिमेंट भरून काम भागते व खर्चही थोडा येतो. पुढे नसेपर्यंत पोचली म्हणजे रात्रीची झोप उडते, गाल सुजतो, आणि मगच आपल्याकडे दंतवैद्याची आठवण होते. मधल्या काळात लवंग दाताखाली धरून, गुळण्या करून दिवस काढलेले असतात. लवंगेला मी नावे ठेवीत नाही. दंतवैद्य तात्पुरती कॅप चिकटवण्यासाठी जे मलम पुष्कळदा वापरतात, त्यातही लवंगेच्या तेलातलाच मुख्य अंश असतो. तिने कळ शमते, कीड मात्र थांबत नाही.

दातदुखीला ख्रिस्तसभेत एक संत नेमून दिलेली आहे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसेल. संत अपोलोनिया ही इजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरातील एक वृद्ध कुमारिका. सन २४९ च्या सुमारास तेथे जमावाने ख्रिस्ती लोकांवर हल्ला केला, तेव्हा तिच्या जबड्यावर प्रहार करून तिचे सर्व दात पाडण्यात आले, असे त्या नगराचे बिशप डायोनिसियस यांनी पत्रात लिहून ठेवले आहे. ९ फेब्रुवारी हा तिचा सण. चित्रांत तिच्या हाती चिमटा व त्यात धरलेला दात असतो. लिस्बनचे एक मोठे रेल्वे स्थानक तिच्याच नावाने ओळखले जाते, आणि त्या स्थानकावरून गेलेली माणसे आपल्या गोव्यात कमी नाहीत!

आता कॅपकडे वळू. नसेपर्यंत कीड गेली तरी दाढ काढलीच पाहिजे असे नाही. दंतवैद्य आतला सडलेला गाभा काढतात, मुळांतील बारीक नळ्या धुऊन स्वच्छ करतात व त्या भरून बंद करतात. याला ‘रूट कॅनल’ म्हणतात. दुखणे थांबते आणि रोगी आनंदाने घरी जातो. चूक होते ती येथेच. दुखणे थांबले म्हणजे काम संपले असे समजून पुढच्या वेळेस तो येतच नाही. पण ती दाढ आता पोखरलेल्या माडासारखी असते. बाहेरून उभा दिसतो, पण आतून पोकळ, आणि एखाद्या वादळात मधूनच मोडतो. चावताना दाढांवर येणारा जोर मोठा असतो. उभी चीर मुळापर्यंत गेली म्हणजे ती दाढ कोणालाही वाचवता येत नाही, आणि रूट कॅनलसाठी खर्चलेले पैसेही पाण्यात जातात.

जुन्या काळी बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार लोखंडी धाव चढवीत असे. त्या धावेमुळे चाकाचे सारे भाग आवळून एकत्र राहत. कॅप दाढेला तशीच आवळून धरते. ती नुसती शोभेची टोपी नव्हे. इंग्रजीत तिला मुकुट या अर्थाचे नाव आहे. आपल्या लोकांनी तिला कॅप म्हणजे टोपी केले, आणि मला हे नाव अधिक योग्य वाटते, कारण मुकुट मिरवण्यासाठी असतो, टोपी ऊनपावसापासून राखण्यासाठी.

ती बसवण्यासाठी दाढ सर्व बाजूंनी व वरून सुमारे एक ते दोन मिलिमीटर घासून लहान करावी लागते, नाहीतर टोपीला जागा राहणार नाही. मग तिचा साचा घेतात आणि तो प्रयोगशाळेत पाठवतात. कॅप तयार होईपर्यंत दाढेवर तात्पुरती टोपी बसवतात. ती निघाली तर गप्प बसू नये, लगेच जाऊन पुन्हा बसवून घ्यावी. पक्की कॅप आली म्हणजे ती आधी घालून पाहतात, चावून पाहायला सांगतात, उंच वाटते का ते विचारतात. या वेळी भिडेपोटी ‘ठीक आहे’ म्हणू नये. केसभर उंच राहिलेली कॅपसुद्धा पुढे दुखणे आणते.

धातूची कॅप कशी करतात हे ऐकून मला आपल्याकडच्या मूर्ती ओतणाऱ्या कारागिरांची आठवण झाली. प्रथम मेणाचा हुबेहूब नमुना करायचा, त्याभोवती माती लिंपायची, तापवून मेण वितळवून टाकायचे आणि त्या पोकळीत तप्त धातू ओतायचा. मूर्तिकारांची ही युक्ती हजारो वर्षांची आहे. अमेरिकेतील विल्यम टॅगार्ट या दंतवैद्याने १९०७ साली ती दातांच्या कामासाठी व्यवसायबंधूंपुढे मांडली व तेव्हापासून दाताला नेमके बसेल असे ओतकाम सर्वत्र होऊ लागले. पुढे १९६० च्या सुमारास धातूच्या टोपीवर चिनी मातीचा थर भट्टीत भाजून पक्का बसवण्याची रीत निघाली. डिचोलीच्या कुंभारांची भट्टी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगणे नको की, माती आणि आच यांचे जमले नाही तर भांडे तडकते. येथेही अडचण तीच होती. धातू व माती तापल्यावर सारख्याच प्रमाणात फुगतील आणि निवल्यावर सारख्याच आक्रसतील अशी मिश्रणे शोधावी लागली. आता झिरकोनिया नावाची पांढरी व अत्यंत कठीण जातीची कॅप निघाली आहे. तीत धातूचा काळसर काठ दिसत नाही, पण ती महाग पडते. मागच्या दाढेला, जेथे कोणी पाहत नाही, साध्या धातूची कॅपही उत्तम काम देते. दंतवैद्याने स्वस्त कॅप सुचवली म्हणून ती वाईटच असेल असे नाही.

कॅप बसली म्हणजे त्या दाढेला कीड लागत नाही, ही समजूत मात्र सोडली पाहिजे. टोपीला कीड लागत नाही हे खरे, पण टोपीचा काठ जेथे संपतो तेथे खालचा खरा दात उघडाच असतो. त्या रेषेवर अन्नाचे कण साचले तर कीड टोपीखाली शिरते व आत काय चालले आहे ते वर्षानुवर्षे कळत नाही. नीट राखलेली कॅप दहा-पंधरा वर्षे आणि पुष्कळदा त्याहूनही अधिक टिकते.

येथे आयांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मूल सहा वर्षांचे होते तेव्हा दुधाच्या दातांच्या मागे, कोणताही दात न पडता, चारी कोपऱ्यांत एकेक नवी दाढ येते. दुधाचा दात पडलेला नसल्यामुळे आईबाप तिलाही दुधाचीच समजतात व कीड लागली तरी ‘पडायचीच आहे’ म्हणून सोडून देतात. ती पडायची नसते, ती जन्माची असते! सर्वांत आधी येते म्हणून सर्वांत आधी किडते, आणि मोठ्या माणसांच्या तोंडात जी जागा बहुधा रिकामी दिसते ती हिचीच. माझी जी गेली तीही हीच. वयाच्या दहाव्या वर्षी थोडक्या खर्चात जी दाढ भरून घेता आली असती, तिच्या जागी चाळिशीत साकव बांधायची पाळी येते.

साकव हा शब्द मी मुद्दाम वापरला. ओहोळावर दोन काठांच्या आधाराने टाकलेला छोटा पूल आपण सर्वांनी ओलांडलेला आहे. दाताचा ‘ब्रिज’ म्हणतात तो असाच. गेलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांवर कॅप चढवायच्या आणि मध्ये एक खोटा दात त्या दोन कॅपांना जोडून टाकायचा. मधल्या दाताला मूळ नसते. तो हिरडीवर नुसता टेकलेला असतो, आणि त्याच्यावर पडणारा सारा भार शेजारचे दोघे वाहतात.

पण दाताच्या एका खिंडीवर साकव घालायचाच कशाला? त्या माउलीचा प्रश्न हाच होता, आणि माझ्या वीस वर्षांच्या हलगर्जीपणात त्याचे उत्तर दंतवैद्यांनी मला आरशात दाखवले. दात एकमेकांच्या आधाराने उभे असतात. मधला गेला की मागचा हळूहळू त्या मोकळ्या जागेकडे कलतो. समोरच्या जबड्यातील दाताला टेकायला काही उरत नाही, म्हणून तो आपल्या जागेतून बाहेर उतरू लागतो. माझी वरची दाढ अशीच खाली आलेली होती. कललेल्या दातांच्या सांद्रीत अन्न अडकते, तेथे नवी कीड लागते, हिरडी सुजते. रिकाम्या जागेचे हाडही झिजते, आणि पहिल्या वर्षात ही झीज सर्वांत अधिक होते. एका बाजूने चावता येत नाही म्हणून माणूस दुसऱ्या बाजूने चावतो व ती बाजूही लवकर झिजवतो. हे सर्व इतके सावकाश होते की कोणी त्याचा संबंध त्या जुन्या दाढेशी लावीत नाही.

ही कला आजची नव्हे. येशू ख्रिस्ताच्या जन्मापूर्वी सुमारे सातशे वर्षे इटलीत एत्रुस्कन नावाचे लोक राहत. त्यांच्या थडग्यांतील कवट्यांत सोन्याच्या पट्ट्यांनी शेजारच्या दातांना बांधलेले खोटे दात सापडले आहेत. तो श्रीमंतांचा थाट होता. आज हे काम सामान्य माणसाच्या आवाक्यात आले आहे, आणि म्हणूनच त्याचे नियमही सामान्य माणसाला समजले पाहिजेत.

पहिला नियम काठांचा. शापोरा नदीवर शिवोली व चोपडे यांना जोडणारा पूल होण्यापूर्वी लोक फेरीबोटीने जात. पूल झाला तो खांब खोल रोवल्यावरच. आयर्विन अँटे या दंतवैद्याने १९२६ साली असा नियम मांडला की, आधाराच्या दातांची हाडात रुतलेली मुळे मिळून निदान गेलेल्या दातांच्या मुळांइतकी तरी असली पाहिजेत. म्हणून एक दात गेला असेल तर दोन शेजारी पुरतात, पण सलग तीन-चार दाढा गेल्या असतील तर त्या दोघांवर लांबलचक पूल लादणे म्हणजे त्यांनाही खिळखिळे करणे होय.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांच्या त्यागाची. साकव घालायचा तर दोन्ही बाजूंचे दात घासावे लागतात, आणि घासलेले कवच परत येत नाही. ते दात आधीच किडलेले वा भरलेले असतील तर त्यांना कॅप मिळाल्याने फायदाच होतो. पण ते निर्मळ, अखंड असतील तर एका मेलेल्यासाठी दोन जिवंतांना इजा करावी का, याचा विचार दंतवैद्याने व रोग्याने मिळून करावा. अशा वेळी दुसरा मार्ग इंप्लांटचा. स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे १९५२ साली सशाच्या हाडावर प्रयोग करीत असता त्यांना दिसले की टायटॅनियम धातूची वस्तू हाडाने घट्ट धरून ठेवली आहे, काढता येत नाही. १९६५ साली त्यांनी अशी खुंटी प्रथम माणसाच्या जबड्यात बसवली. ती रुजायला काही महिने लागतात, मग तिच्यावर कॅप घालतात. शेजाऱ्यांना हात लावावा लागत नाही, पण खर्च मोठा व हाड पुरेसे हवे. आणि हे दोन्ही परवडत नसेल तर काढघाल करता येणारी छोटी कवळी आहेच. तिला कमी लेखू नये. ती रोज रात्री काढून धुवावी लागते एवढेच.

काठ ठिसूळ करणारी जी कारणे आहेत त्यांत आपल्या गोव्याचा एक दुर्दैवी मान आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वांत अधिक गोव्यात आढळले. प्रौढांपैकी २६.४ टक्के, म्हणजे चारांत एकाहून अधिक. मधुमेह आवाक्यात नसला की हिरड्या सुजतात, हाड झिजते आणि धडधाकट दात हलू लागतात. अशा हलत्या दातांवर साकव घातला तर तो त्यांना घेऊनच कोसळतो. म्हणून रक्तातील साखर तपासून, हिरड्यांवर आधी उपचार करून मगच ब्रिजचा विचार करावा. मिश्री वा तपकीर हिरड्यांना चोळणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्या बायकांना हे ऐकून राग येईल, पण त्या सवयीने हिरड्या बळकट होत नाहीत, उलट मागे सरतात.

साकवाखालची स्वच्छता ही आणखी एक उपेक्षित बाब. नुसता वरून ब्रश फिरवून मधल्या खोट्या दाताखालचे अन्न निघत नाही. त्यासाठी सुईसारख्या ताठ टोकाचा दोरा किंवा बाटली धुण्याच्या ब्रशाचे लेकरू शोभेल असा बारीक ब्रश मिळतो. तो कसा वापरायचा हे दंतवैद्याकडून हातात घेऊन शिकून यावे.

जत्रेच्या वाटेवर, बाजाराच्या कडेला चटई टाकून ‘पाच मिनिटांत दात’ बसवून देणारे लोक पुष्कळांनी पाहिले असतील. ते हिरडीवर कच्चे प्लास्टिक थापून शेजारच्या दातांना तारेने वा त्याच मसाल्याने जखडून टाकतात. दिसायला तो ब्रिजच, आणि स्वस्त. डिचोली भागातील एका वृद्ध गृहस्थाने असा दात दोन वर्षे वागवला. दुर्गंधी सुटली म्हणून इस्पितळात गेले, तेव्हा प्लास्टिकखाली हिरडी सडलेली व दोन्ही बाजूंचे चांगले दात हाडातून सुटलेले निघाले. एकाच्या जागी तीन गेले. भारतात १९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला तो अशासाठीच की नोंदणी नसलेल्याने हे काम करू नये. दंतवैद्याच्या भिंतीवर नोंदणीचे प्रमाणपत्र लावलेले असते. ते वाचण्यात त्यांचा अपमान नाही.

खर्चाचे म्हणाल तर आपल्या राज्यात बांबोळी येथे १९८० पासून गोवा दंत महाविद्यालय व इस्पितळ आहे. तेथे कॅप व ब्रिज यांचा स्वतंत्र विभाग आहे आणि सरकारी संस्था असल्याने खाजगीपेक्षा पुष्कळ कमी पैशांत काम होते. काम शिकणारे तरुण डॉक्टर करतात व त्यांचे शिक्षक ते पाहतात. त्यामुळे वेळ लागतो, चार-पाच खेपा पडतात. पेडण्याहून म्हापसे, पणजी अशा गाड्या बदलत जायचे म्हणजे अख्खा दिवस मोडतो हे मला ठाऊक आहे. मजुरी बुडणाऱ्या माणसाला चार दिवस हेही पैसेच होत. तरी जाण्यापूर्वी तालुक्याच्या सरकारी आरोग्य केंद्रात दाखवून चिठ्ठी घ्यावी, आणि कोठेही गेलात तरी सुरुवातीलाच विचारावे की दाढ वाचण्यासारखी आहे का, कॅप कशाची घालणार, एकूण खेपा किती व एकूण पैसे किती. पैशांचा आकडा कागदावर लिहून मागावा.

ती माउली मला पुन्हा भेटली तेव्हा हे सारे मी तिला सांगितले, आणि आधीच्या उत्तराबद्दल क्षमाही मागितली. ती हसली, पण पदर तोंडाशी धरूनच. दाढेची मुळे शाबूत होती. पावसाळ्यात ती पाच वेळा बांबोळीला जाऊन आली, एकदा रस्त्यात पाणी भरल्यामुळे अर्ध्यातून परतली. कॅप धातूचीच घातली. पाचव्या खेपेस तिने धाकट्या मुलालाही बरोबर नेले होते. तो सात वर्षांचा. त्याच्या खालच्या दोन्ही नव्या दाढांवर काळे ठिपके निघाले, ते त्याच दिवशी भरून झाले. माझे स्वतःचे काम मात्र अजून अर्धेच झाले आहे. खाली उतरलेल्या त्या वरच्या दाढेला आधी घासून वर घ्यायचे आहे, आणि पुढची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे.